तीन दिवसांत गुरगुरणं बंद

डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या पाठीवरून दोन्ही अंगठे मानेपासून शेपटीपर्यंत दाबत नेले, तसेच उलटे परत आणले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हिला कोणी न गुरगुरायला शिकवलंय का हो?" मी म्हणालो, "नाही." एरवी खोटं बोलायला मला वेळ लागतो, शब्द जुळवावे लागतात, पण हे 'नाही' तोंडात आयतंच होतं. ठमीचं डोकं धरून उभा असलेला कंपाउंडर दोनच मिनिटांपूर्वी म्हणाला होता, "मॅडम, यांना ओळखलं नाही? हे तीनदिवसवाले सर! आमच्या घरी सगळे यांना बघतात." बाई म्हणाल्या होत्या की त्यांना मोबाइल बघायला फुरसत नसते. माझ्या 'नाही'वर कंपाउंडरने एकदा ठमीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे. "एरवी कुत्रं सांगतं," बाई म्हणत होत्या. "दुखऱ्या जागी बोट पडलं की मान वळवतं, दात दाखवतं, काहीच नाही तर घशातल्या घशात तरी बोलतं. ही नुसती शेपटी हलवतेय." ठमी खरंच हलवत होती. तिचे मागचे पाय थरथरत होते आणि शेपटी स्टीलच्या टेबलावर टप टप वाजत होती. एक्स-रेमध्ये तीन मणके खराब दिसत होते. तिन्ही जागा उघडण्यासारखं तिचं वय नव्हतं, हृदय तर नव्हतंच. एकच जागा, एकदाच. मोठ्या मशीनमध्ये घालून बघायचं तर त्यालाही भूल, मग ऑपरेशनला पुन्हा भूल, आणि दोनदा ती उठेल याची खात्री बाई देत नव्हत्या. "गुरुवारी घेऊन या. त्यापुढे थांबलो तर मागचे पाय गेलेच समजा. तोवर कुठे दुखतंय तेवढं तिच्याकडून काढून घ्या. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर ट्रेनर." आज मंगळवार.

तिला उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. बारा वर्षांची ठमी, पूर्वी खिडकीतून अर्धी बाहेर असायची, आता ठेवली तिथेच राहते. चौकातल्या वळणावर पुढच्या सीटखालून खळ्ळ आवाज झाला आणि आरशात ती दिसेनाशी झाली. गाडी बाजूला घेतली. ती सीटला पोट चिकटवून सपाट झाली होती, कान मागे, डोळे माझ्यावर. सीटखाली डबा होता. दूध पावडरचा जुना डबा, आत मूठभर खडे, झाकणाला चिकटपट्टी. वर्षानुवर्षं मी तो वापरलेला नाही, क्लासला येणाऱ्यांना वापरू देत नाही, आणि तरी तो माझ्या गाडीत आहे. टाकून द्यायचं मनात आलं की हाताशी कचऱ्याचा डबा नसायचा, आणि डबा हाताशी असला की मनात यायचं नाही. मी खड्यांचा डबा बाहेर काढला, तेव्हा तो पुन्हा वाजला. ठमीने शेपटी हलवली. मी झाकण उघडून खडे गटाराच्या कडेला ओतले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली. रिकामा डबा मात्र मी परत गाडीत ठेवला. माझ्यातला कारकून काही फेकू देत नाही.

कारण मी मुळात कारकूनच. विमा कचेरीत एकोणीस वर्षं काढली, आणि कुत्र्यांचं वेड म्हणजे रविवारची गोष्ट. मग ब्लॉग सुरू केला, 'कानोसा' नावाचा. कुत्र्याच्या कानांवर आठ हजार शब्द, जांभईवर तीन लेख, भिंतीशी लघवी करण्यावर एक दीर्घ मालिका. वाचक तीसेक. त्यातले एक निवृत्त मुद्रितशोधक, ते प्रत्येक लेखाखाली माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून शेवटी 'बाकी उत्तम' लिहायचे. त्या तीस माणसांसाठी मी पहाटे उठून लिहायचो आणि खरं सांगतो, सुखात होतो. मग एका संध्याकाळी ठमी जेवत असताना मी तिच्या वाडग्यात हात घातला आणि ती गुरगुरली. सात वर्षांची होती, तोवर कधी हूं की चूं नाही. म्हटलं, ही आता डोक्यावर बसायला लागली. तीन दिवस डबा वाजवला. गुरगुरली की खळ्ळ, वाडगा सोडून चटईवर जाऊन बसली की 'शाब्बास'. तिसऱ्या दिवशी लेकीने, ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, मोडक्या स्टुलावर बसून चाळीस सेकंदांचं चित्रीकरण केलं आणि माझ्या नावावर टाकून दिलं. वर लिहिलं, 'तीन दिवसांत गुरगुरणं बंद'. बायको तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आधीच मुकं जनावर, त्याला आणखी मुकं कशाला करता?" मी म्हणालो, "तुला यातलं कळत नाही." ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळते, रोज शंभर पोरांच्या हातून काचा फुटताना बघते, तिला पुष्कळ कळतं. पण चार दिवसांत चाळीस सेकंद एकवीस लाख माणसांनी बघितले आणि मग घरात कोणालाच काही बोलायला जागा उरली नाही. मी नोकरी सोडली. पाण्याच्या टाकीखालचं मैदान भाड्याने घेतलं. ब्लॉगवर पुढे काही लिहिलं नाही, एक लेख सोडून.

तो लेख मी दोन वर्षांनी लिहिला. तोवर पुस्तकं वाचली होती, शहाणी माणसं भेटली होती, आणि कळलं होतं की गुरगुरणं म्हणजे भांडण नव्हे, ती विनंती असते. आपण ती मारून टाकतो आणि मग एक दिवस कुत्रं न सांगता चावतं, किंवा काहीच करत नाही. दोन्हीतलं दुसरं जास्त वाईट, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. अठराशे शब्द, सगळे माझ्याच विरुद्ध. एकेचाळीस जणांनी वाचला. मुद्रितशोधकांनी लिहिलं, 'दोन ठिकाणी चूक. बाकी उत्तम. हे आधी लिहायला हवं होतं.' त्यानंतर त्यांचं काही आलं नाही, बहुधा गेले असतील. आणि व्हिडिओ? व्हिडिओ मी ठेवला. आज काढू, उद्या काढू. क्लासला येणारा दर दुसरा माणूस तो बघून यायचा, त्याला मी पहिल्याच दिवशी सांगायचो की असं करू नका, आणि म्हणायचो की चला, निदान माझ्यापर्यंत तर आला. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याला तोड नसते.

घरी ठमीला चटईवर ठेवलं आणि शेजारी बसलो. माझा डावा कान जवळजवळ निकामी आहे, त्यामुळे कोणी बोललं की मी मान तिरकी करतो. व्हिडिओत ते दिसतं आणि खाली लोक लिहितात, 'सर स्वतःच कुत्र्यासारखी मान वाकडी करतात, सो क्यूट.' हा कान मी नऊ वर्षांचा असताना गेला. वडील गणिताचे मास्तर, घरात कुरकुर केलेली त्यांना खपायची नाही. जेवणावर कुरकुर नाही, अभ्यासावर नाही, तापातसुद्धा नाही. कान ठणकायला लागला तेव्हा मी आठ दिवस दात दाबून काढले. नवव्या दिवशी उशीवर पू दिसला. वडिलांनी मला तसाच खांद्यावर टाकला आणि पायात चप्पल न घालता दवाखान्यापर्यंत धावले. वाटभर एकच म्हणत होते, "सांगायचं नाही का रे? अरे, सांगायचं नाही का?" त्यांच्या मानेला घाम होता आणि माझा दुखरा कान त्यावर घासत होता. मला त्यांचा राग आला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला फक्त वाटलं होतं की यांना खरंच माहीत नाही. मी का सांगितलं नाही, हे या माणसाला खरोखर माहीत नाही.

ठमीच्या पाठीवर मी अंगठा ठेवला, बाईंसारखा. पहिली जागा, दुसरी, तिसरी. शेपटी, शेपटी, शेपटी. जोरात दाबलं तेव्हा तिने माझा हात चाटला. हेही मी लिहिलेलं आहे, भीतीने चाटणं, चौथ्या का पाचव्या लेखात. मग मला तिथे बसवेना. मी फोन काढला, व्हिडिओ उघडला आणि न बघता 'काढून टाका' दाबलं. फोनने विचारलं, कायमचं काढायचं का, परत मिळणार नाही. मी 'हो' दाबलं. तीन वर्षं रेंगाळलेली गोष्ट एका सेकंदात झाली. लगेच लेकीला फोन लावला, ती आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. "काढला," मी म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, आता काढून काय होणार? शेकडो लोकांनी स्वतःच्या नावावर टाकलाय तो. चौकोनी कापून, वर गाणं लावून." मी म्हणालो, "पण माझ्याकडून तरी गेला." "हो, ते बरं केलंस," ती म्हणाली, मोठी माणसं लहानांना म्हणतात तशी. मग विचारलं, "ठमी कशी आहे?" मी म्हणालो, "बरी आहे."

चार वाजता क्लास होता. मैदानावर पाच माणसं, पाच कुत्री, टाकीची सावली. नवा आलेला एक बांधकाम कंत्राटदार होता, त्याचा दांडगा काळा कुत्रा त्याच्या म्हाताऱ्या आईवर गुरगुरायचा. "सर, तो तुमचा डबा आणा ना," तो म्हणाला. मी म्हणालो, "डबा मी आता वापरत नाही. गुरगुरू दे त्याला." "गुरगुरू दे? मग आम्ही तुमच्याकडे यायचं कशाला? गुरगुरतो तर तो घरीही." बाकीचे हसले. मीही हसलो असणार. कुत्र्याच्या मागच्या अंगाला मी हात लावला आणि तो गुरगुरला. खोल, सलग, छातीतून. मला तो आवाज उजव्या कानाने ऐकू आला आणि तळहाताने जास्त आला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. इतका साधा आवाज. "बघा, बघा, हेच!" कंत्राटदार म्हणाला. "सहा वर्षं देवमाणूस होता हो. महिनाभरात अचानक सुरू झालं. आई उठवायला गेली की गुरगुरतो." आणि मी, जे शंभरदा सांगितलं असेल ते तोंडपाठ बोललो, "अचानक सुरू झालं ना? मग आधी डॉक्टरकडे न्या. आई उठवायला जाते तेव्हा कुठे हात लावते ते बघा. तिथेच दुखत असेल."

बोललो, आणि माझा हात कुत्र्याच्या अंगावर तसाच राहिला. पाच माणसं माझ्याकडे बघत होती, पाच कुत्रीही. सात वर्षं हूं की चूं नाही आणि मग अचानक. माझा उजवा हात वाडग्यात होता. आणि डावा? डावा तिच्या पाठीवर होता. वाकताना तोल सांभाळायला मी तिच्या पाठीवर भार दिला होता, दरवेळी, तिन्ही दिवस. तिला वाडग्याचं काही पडलेलं नव्हतं. ती सांगत होती. पाच वर्षांपूर्वी तिने नेमक्या जागेवर, नेमक्या वेळी, तीन दिवस सतत सांगितलं, आणि मी दरवेळी उजवा हात वाडग्यातून काढून शेजारचा खड्यांचा डबा वाजवला. डावा हात कुठे होता? मानेच्या मागे, मध्ये, की कमरेशी? मी मैदानात उभ्या उभ्या हवेत वाकून बघितलं. हात हवेत कुठेही जात होता. मग आठवलं की हे कुठे तरी नोंदलेलं आहे. सगळ्या जगात एकाच ठिकाणी ठमी गुरगुरते आणि माझा डावा हात तिच्या पाठीवर दिसतो, आणि ते चाळीस सेकंद मी दुपारी पुसून टाकले होते. "सर, तब्येत बरी आहे ना?" कंत्राटदाराने विचारलं. मी क्लास सोडून दिला.

लेकीला पुन्हा फोन. "मूळ व्हिडिओ तुझ्या जुन्या फोनमध्ये असेल ना?" "बाबा, तो फोन कधीच देऊन टाकला. मूळ तुझ्याच अकाउंटवर होता." तिलाही कळलं असावं, कारण तिने अर्धा तास शोधून मला एकामागून एक सतरा पाठवले. सगळे चौकोनी. मोबाइलवर नीट दिसावं म्हणून लोकांनी मधला भाग ठेवला होता, ठमीचं तोंड आणि वाडगा. तिची पाठ चौकटीबाहेर गेली होती आणि माझा डावा हात खांद्यापासून पुढे नव्हताच. मी सतराही बघितले. एकात वर माझं टोपणनाव फुलांच्या अक्षरांत होतं. बायको घरी आली तेव्हा मी तसाच बसलेला होतो. तिने पर्स खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरांना डब्याचं सांगितलंत का?" मी अठरावा व्हिडिओ आलाय का ते बघायला लागलो. "अहो, सांगितलंत का?" तिने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं. "तरीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं झालं सांगितलंत. पण त्याने जागा थोडीच कळणार आहे? उलट दुखणं कधीपासूनचं धरायचं, तेही आता सांगता येत नाही." बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिला 'मी तेव्हाच म्हणाले होते' असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "तिची जेवणाची वेळ झाली."

ठमीचा वाडगा मी उंच पाटावर ठेवला, मान वाकवावी लागू नये म्हणून. उकडलेलं अंडं आणि मऊ भात. ती हळूहळू, एक पाय ओढत आली आणि खायला लागली. मी शेजारी गुडघ्यांवर बसलो, उजवा हात वाडग्यात घातला, डावा तिच्या पाठीवर, आणि भार दिला. पाच वर्षांपूर्वीसारखाच वाकलो. देव मानत नाही, पण मनात कोणाला तरी म्हणत होतो की एकदाच, एकदाच गुरगुर, हवं तर चाव. हात मागे सरकवला. पुन्हा भार दिला. चांगला कान तिच्या बरगड्यांशी नेला. ती खायची थांबली होती. आणि माझ्या छातीशी काही तरी थरथरलं. मी ओरडलोच, "इथे! इथे!" बायको धावत दारात आली. थरथर माझ्या शर्टाच्या खिशात होती. फोन.

कोणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'सर, तुमचा मूळ व्हिडिओ दिसेना म्हणून मी माझ्याकडचा टाकतोय. काळजी करू नका, तुमचं काम असं पुसलं जाणार नाही.' खाली तो होता. कदाचित हा कापलेला नसेल, असं वाटून मी घाईने बोट ठेवलं. चौकोनीच होता. आवाज मात्र मोठा होता, यावर गाणं नव्हतं. फोनमधून ठमी गुरगुरली. पाच वर्षांनी मी तिचा आवाज ऐकला. भरदार, स्वच्छ आवाज, कोणालाही कळेल असा. माझ्या शेजारच्या ठमीने वाडग्यातून तोंड वर केलं. मग फोनमध्ये डबा वाजला. तिने वाडगा सोडला. मी "नाही, नाही, खा गं" म्हणेपर्यंत ती वळली होती, मागचे पाय फरशीवर घसरवत, एकदा पडून, पुन्हा उठून ती चटईपर्यंत गेली आणि शिकवलं होतं तशी ताठ बसली. बसताना काय झालं ते तिच्या डोळ्यांत दिसलं, कुठे झालं ते दिसलं नाही. फोनमधून माझा आवाज म्हणाला, "शाब्बास!" तरुण, खुशीत आलेला आवाज. तिची शेपटी फरशीवर टप टप वाजायला लागली.

"अगं, सांगायचं नाही का गं?" मी म्हणालो. माझ्या तोंडून वडील बोलले आणि मला तेव्हा त्यांचं खरं दुःख कळलं. ठमीने मान तिरकी करून ऐकलं.

"बंद करा आधी ते," बायको म्हणाली. हे व्हिडिओ संपले की आपोआप पुन्हा सुरू होतात. माझ्या बोटांना भात लागला होता आणि काच दाद देत नव्हती. फोनमध्ये ती पुन्हा गुरगुरली, डबा पुन्हा वाजला. ठमी धडपडत उठली. वाडगा तर तिने आधीच सोडला होता आणि चटईवर ती होतीच, त्यामुळे आता आणखी कुठे जायचं ते तिला कळेना, आणि ती तिथेच, थरथरत्या पायांवर, माझ्याकडे बघत उभी राहिली.